मी ठोकलं नाई, मंग आलं कोन?

मागच्या रविवारी मी पाऊण तास एका पानाचा रंग बदलत होतो, आणि रंग काही बदलत नव्हता. पान म्हणजे वेबसाइटचं. बायको घरी शिवणवर्ग चालवते. त्याचं एक पान करून देईन असं मी दोन वर्षांपूर्वी कबूल करून बसलो होतो, आणि त्या रविवारी माझ्या सबबी संपल्या. तिला हिरव्याच्या जागी जांभळा हवा होता. मी रंग बदलायचो, फाइल सेव्ह करायचो, की समोर ब्राउझरमधलं पान लुकलुकून आपोआप नव्यानं उघडायचं. हिरवंच. मग मी जरा गडद जांभळा टाकायचो. पान परत लुकलुक. हिरवंच. असे अकरा जांभळे झाले.

बायको मागून म्हणाली, "अजून हिरवंच दिसून राह्यलं."

"काम चालू हाय. पाहा ना, दर खेपेले पान ताजं होऊन राह्यलं."

"ताजं होऊन राह्यलं. जांभळं नाई होऊन राह्यलं."

शेवटी उलगडा झाला. मी रंग बदलत होतो तो त्या पानाच्या दुसऱ्याच प्रतीत. पान आपोआप ताजं करणारी सोय दोन्ही प्रतींवर नजर ठेवून होती; मी कुठंही हात लावला की ती इमानदारीनं हिरवं पान पुन्हा उघडून द्यायची. आणि पान हललं म्हणजे काम झालं, असं धरून मी निवांत. या धंद्यात मला वीस वर्षं होऊन गेली. पोरांना शिकवतो वगैरे.

माझ्या ऑफिसातले काकाजी तिथं असते तर पहिल्या मिनिटाला टेबलावर दोन टिचक्या वाजवून म्हणाले असते, "काय दिसन थे आधी सांग." मी म्हणालो असतो, जांभळा. हिरवा दिसला असता. आणि मला एक ग्लास पाणी प्यावं लागलं असतं.

हे पाण्याचं प्रकरण पुढं येईलच.

आमचं ऑफिस वर्ध्याला, मोटारपंपाच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मालक कंपनी नागपूरची; तिथली कामं ती आमच्याकडे ढकलते. आम्ही आठ जण. मी त्या आठांचा प्रमुख होतो, म्हणजे मला काचेची वेगळी केबिन होती, जिच्यात पंखा नव्हता. काकाजी वयानं साठीकडे झुकलेले आणि हुद्द्यानं सगळ्यात खाली: तपासनीस. आम्ही केलेलं पान नीट चालतं की नाही, ते वापरून पाहणारा माणूस. कधीमधी ते स्वतःही कोड लिहीत, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा बरा लिहीत, पण हे मी केबिनमध्ये असेपर्यंत कधी बोललो नाही.

त्याआधी त्यांची उमेदीची सगळी वर्षं एका दवाखान्याच्या अंधारखोलीत गेली. एक्स-रेची फिल्म धुऊन काढायचं काम. लाल दिव्यात, फिल्म धुवायच्या हायपोच्या वासात. पुढं मशिनी आल्या, फिल्म गेली, अंधारखोलीत झाडू-बादल्या ठेवायला लागले, आणि काकाजींनी पंचेचाळिसाव्या वर्षी संगणकाचा वर्ग लावला. अंधारखोली सुटली, पण तिच्या सवयी त्यांनी घरच्या भांड्यांसारख्या बरोबर आणल्या. खिडकीकडे पाठ करून बसत. दुपारी पडदा ओढून घेत. आणि कुठलंही दार दोनदा ठोकल्याशिवाय उघडत नसत. ऑफिसचं दार, केबिनचं दार, स्वतःच्या डब्याचं झाकणसुद्धा. आत कुणाची फिल्म उघडी असेल आणि तिला उजेड लागला तर? डब्यात भाकर आणि ठेचा असे, पण नियम म्हणजे नियम.

रस्त्यानं त्यांच्याबरोबर चालणं ही एक वेगळीच गंमत होती. त्यांना माणसांची नावं आठवत नसत, हाडं आठवत. हातातली सायकल उभी करून ते एखाद्या गृहस्थाला थांबवत आणि विचारत, "काय, डावं मनगट कसं हाय आता?" गृहस्थ आधी दचके, मग हरखे. एका बाईंना "खुबा बरा हाय ना?" असं भर बाजारात विचारल्यावर मी दोन पावलं मागं राहिलो. मला त्यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी ओळखलं. "तू तं कॉलरबोन. पेरूच्या झाडावरून पडलता." दहावीत असताना पडलो होतो. माझं नाव शिकायला त्यांना पुढं सहा महिने लागले.

तर पान ताजं करण्याविषयी. आमच्या धंद्यात पूर्वी असं असे: कोड लिहायचा, सेव्ह करायचा, मग ब्राउझरमध्ये जाऊन आपल्या बोटानं पान रिफ्रेश करायचं आणि काय झालं ते पाहायचं. काकाजींनी या एका बोट दाबण्याचं व्रत करून ठेवलं होतं. दाबायच्या आधी ते टेबलावर दोनदा ठोकत. ऑफिसातल्या बाकीच्यांनी "या" म्हणायचं. मग ते, काय दिसणार आहे, ते मोठ्यानं सांगत: "नावाखाली गावाची चौकट येईन, आन् बटन खाली सरकन." मगच रिफ्रेश. सांगितलं तसं दिसलं तर पुढचं काम. नाही दिसलं तर उठायचं, कोपऱ्यातल्या माठापाशी जायचं, एक ग्लास पाणी प्यायचं, विचार करायचा आणि परत यायचं.

"काऊन पाणी, काकाजी?" मी एकदा विचारलं.

"फिल्म बिघडली तं दुसरी काढा लागे. म्हंजे पेशंटच्या आंगावर एक्स-रेचा दुसरा डोस. गेलेला डोस परत काढता येत नाई, बाप्पा. थो पेशंट बाहेर बाकावर बसून राहे, आन् मी आत उगंच पानी पिऊन येओ. त्याचं तोंड पाहाची हिंमत गोळा कराले वेळ लागे."

हसत हसत सगळं ऑफिस त्या नियमात शिरलं. शेवटी शेवटी आठही जण ठोकायचे. मोटारपंपवाला खालून विचारायचा, वर सुतारकाम चालू आहे का. त्या उन्हाळ्यात मी दिवसाला बारा-चौदा ग्लास पाणी प्यायलो. वर्ध्याच्या उन्हात सगळे मुतखड्यानं हैराण, आणि मी निव्वळ चुकांच्या जोरावर ठणठणीत.

आता चंद्रकलाबाई.

फॉर्म तपासताना आम्ही लोक नावाच्या चौकटीत "अबक" टाकतो, वयात एक टाकतो, आणि तीन सेकंदात पुढं जातो. काकाजींना हे बघवत नसे. ते नेहमी एकच बाई भरत: चंद्रकलाबाई, वय बासष्ट, मुक्काम आंजी मोठी, तक्रार उजवा गुडघा. नातवाचा जुना फोन, कोपऱ्यात काच तडकलेली. तसा एक फोन त्यांनी खास मिळवून टेबलात ठेवला होता; तपासताना तो ते आपल्या मशीनला जोडत. चंद्रकलाबाई एका बोटानं लिहीत, कारण दुसऱ्या हातात बकरीची दोरी. काकाजी डावा हात मुठीत आवळून खरंच एका बोटानं लिहीत. मधेच उठून खिडकीशी जाऊन "हाट्, हाट्" करत, शेजारणीला "हव वो, येतो मंगळवारी" असं उत्तर देत आणि परत येऊन गावाचं नाव पुरं करत. एका फॉर्मला चार मिनिटं. पहिल्या दिवशी आम्ही हसून लोळलो. महिन्याभरानं आम्हीच विचारायला लागलो, "आज बकरी सुटली का, काकाजी?"

हे सगळं मी घरी सांगायचो. बायको मन लावून ऐकायची. एक दिवस तिनं डब्याबरोबर निरगुडीच्या पाल्याची जुडी दिली.

"हे कायले?"

"चंद्रकलाबाईले. तव्यावर गरम करून शेकाले सांगजा."

"अवं, थे बाई खरी नाई. काकाजीच्या डोक्यातली हाय."

"असन," ती म्हणाली. "गुडघा तं खरा हाय ना."

मी जुडी काकाजींना दिली. ते हसले नाहीत. त्यांनी ती कॉम्प्युटरच्या वर अडकवली, आणि त्या दिवसापासून 'आधी घेतलेले उपचार' या चौकटीत लिहायला लागले: निरगुडीचा शेक, आराम नाई. बायकोला ते "आराम नाई" कळल्यावर तिनं दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलणं ठेवलं.

मग नागपूरच्या साहेबांनी आपोआपची सोय आणली. साहेब तिशीतले, हुशार, बोलायला गोड. माणूस वाईट म्हणता येणार नाही. त्यांनी आमचे आठही संगणक एका तारेत ओवले: आठांपैकी कुणीही फाइल सेव्ह केली की आठही पडद्यांवरचं पान आपसूक ताजं. बोट उचलायला नको. दिवसाला प्रत्येकाची इतकी मिनिटं वाचतात, असं त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. आम्हाला आवडलं. खोटं कशाला बोलू, मला तर फारच आवडलं. पाणी प्यायला उठावं लागेना. टेबलं ठोकणं दोन दिवसांत बंद पडलं. त्याऐवजी एक नवा आवाज सुरू झाला. अर्धं लिहिलेलं पान मधेच कोरं व्हायचं आणि कुणीतरी ओरडायचं, "कोन बे? कोनं सेव्ह केलं?" दुसरा म्हणायचा, "मी." किंवा कुणीच काही म्हणायचं नाही. मग आपण परत "अबक" टाकायचं आणि पुढं जायचं.

काकाजींनी आपल्या मशीनवरची ती सोय बंद करून ठेवली.

साहेबांनी फोनवर मला विचारलं, "एकाच मशीनवर बंद का?" मी काकाजींकडे गेलो. साहेबांच्या वतीनं शिष्टाई करायला. "काकाजी, चालू ठेवा ना. पान सोताहून येते, तुमचं काय जाते?"

"पान माह्यं हाय. मी बलावल्याशिवाय त्यानं येऊ नये."

"सगळ्यायचं येते."

"सगळ्यायच्या घरी कोनीबी दार ढकलून शिरत असन तं शिरो. माह्या घरी ठोका लागते."

"साहेब रागावतीन."

"रागावू दे. त्यायची कोनतीच फिल्म माह्याजवळ नाई."

या ठिकाणी मी एक नीच काम केलं. काकाजी जेवायला गेले असताना त्यांच्या मशीनवर ती सोय गुपचूप चालू केली. साहेबांना कळवलंही, की झालं. काकाजी परत आले, तडकलेल्या फोनवर चंद्रकलाबाईला तीन चतुर्थांश भरलं, बकरी हाकलून आले, 'निरगुडीचा शेक' लिहिलं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी सेव्ह केलं आणि बाई पुसली गेली. काकाजींनी फोन खाली ठेवला. मग उठले आणि माझ्या केबिनच्या काचेवर दोनदा ठोकलं.

"या," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"तुह्यानंच झालं ना?"

मी हो म्हणालो. ते वळले. माठापाशी जाऊन एक ग्लास भरला, माझ्यासमोर आणून ठेवला आणि आपल्या जागेवर गेले. मी तो घटाघट प्यायलो. आजवर प्यालेल्या पाण्यात तेवढं जड कुठलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोय परत बंद केली, घरून अंधारखोलीतला लाल दिवा आणला आणि टेबलावर स्क्रूनं घट्ट बसवला. दिवा लागला की त्यांच्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. पोरं म्हणाली, लाल दिव्याची गाडी मिळाली काकाजींना. साहेबांना मी एवढंच कळवलं की तांत्रिक अडचण आहे.

आणि मग ते काम आलं. आंजीच्या रस्त्याला एका ट्रस्टचा हाडांचा दवाखाना. दर मंगळवारी तपासणी. खेड्यापाड्यातली माणसं पहाटेपासून रांगेत बसतात. ट्रस्टनं ठरवलं, घरूनच फोनवर फॉर्म भरा, नंबर घ्या, नंबराच्या वेळेला या. ज्यांच्याकडं फॉर्म नाही त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी. काम आमच्याकडे. चंद्रकलाबाई जणू यासाठीच इतकी वर्षं तालीम करत होती.

आमच्याकडं फॉर्मची तपासणी सुरू झाली. बुधवारी काकाजींनी भरायला घेतलं, लाल दिवा लावून. पाच-सहा शब्द झाले आणि पान कोरं झालं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. "देवाशपथ, काकाजी. मी नाई."

त्यांनी मशीन तपासलं. सोय बंदच होती. परत भरलं. परत कोरं. ऑफिसात कुणाचं लक्ष नव्हतं. असं दिवसातून शंभरदा व्हायचं. तेव्हा काकाजी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी ठोकलं नाई. मंग आलं कोन?"

सगळे हसले. मीही.

आलं कोण ते शुक्रवारी दुपारी सापडलं. आलो होतो मीच. साहेब म्हणाले होते की चालू नंबर लोकांना ताजा दिसायला हवा, म्हणून दर तीस सेकंदांनी पान स्वतःहून ताजं होईल अशा दोन ओळी मी महिन्यापूर्वी टाकल्या होत्या. त्याच पानावर फॉर्म होता. तीस सेकंद झाले की नंबर ताजा आणि फॉर्म कोरा. महिनाभर ते आमच्या डोळ्यांसमोर होत होतं, आठही पडद्यांवर, आणि आम्ही विचारत होतो, "कोन बे? कोनं सेव्ह केलं?" माझं स्वतःचं पान कितीदा पुसलं गेलं होतं. मला वाटायचं, पोरं झटून काम करताहेत.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, सोमवारी उद्घाटन आहे, पत्रिका वाटून झाल्या. आता काही उघडायला गेलो तर दुसरंच काही मोडेल. पुढच्या खेपेला बघू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. फॉर्म आणि नंबर वेगळे करून पुन्हा तपासायला आठवडा लागणार होता. पण तपासणीच्या पत्रकावर तपासनिसाची सही लागते, आणि काकाजी म्हणाले, मी सही करत नाई.

शनिवारी सकाळी साहेब स्वतः नागपूरहून आले.

"काकाजी, छोटी गोष्ट आहे. लोक तीस सेकंदात भरतात हो एवढा फॉर्म."

"मंग तुम्ही भरून दाखवा," काकाजी म्हणाले आणि खुर्ची मागं ओढली. "बसा. तुम्ही चंद्रकलाबाई."

साहेब हसत बसले. काकाजींनी त्यांच्या उजव्या हातात तडकलेला फोन दिला आणि डाव्या हातात सुतळीचा एक तुकडा. "बकरी हाय. सोडजा नोका. आता सांगा, काय दिसन?"

"काय दिसणार? फॉर्म भरेल आणि नंबर येईल."

"ठोका."

साहेबांनी ठोकलं. आम्ही सातही जण कितीतरी दिवसांनी एका आवाजात म्हणालो, "या."

'चंद्रकला' लिहून झालं, 'आंजी' निम्मं झालं, आणि पान कोरं. काकाजींनी पाण्याचा ग्लास पुढं केला. साहेबांनी गंमत म्हणून प्यायला. दुसऱ्या खेपेला ते वयापर्यंत पोचले, गुडघा उजवा की डावा ते निवडत होते. कोरं. साहेबांनी मान वळवून विचारलं, "कोणी सेव्ह केलं?"

आम्ही सगळ्यांनी कीबोर्डवरचे हात उचलून दाखवले.

दुसरा ग्लास. तिसऱ्या खेपेला साहेबांनी सुतळी टाकून दिली आणि दोन्ही अंगठ्यांनी टाइप करायला लागले.

"गेली बकरी," काकाजी म्हणाले.

तरीही 'आधी घेतलेले उपचार'पाशी पान पुसलंच. तिसरा ग्लास साहेबांनी हातानं बाजूला सारला. कपाळावर घाम होता.

"लोकांना सवय होते, काकाजी. दोनदा भरतील, तीनदा भरतील."

"सवय आपल्याले झाली, साहेब," काकाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पान पुसलं तं आपल्याले वाटते, कोनीतरी काम करून राह्यलं. तिले तसं नाई वाटत. थे म्हनन, मलेच येत नाई. फोन ठेवून देईन आन् रांगेत शेवटी जाऊन बसन. आन् पुढच्या खेपेले कोनी म्हन्लं का फॉर्म भर, तं म्हनन, मले नाई जमत बावा, मी अडानी. तिच्या डोक्यात हे आपन घालून राह्यलो. मी सही नाई करत. तुम्ही मले काढा."

साहेबांनी कपाळ पुसलं. मग त्यांनी पत्रक माझ्याकडं सरकवलं. "तुमची एक सही पुरेल. प्रमुखाची चालते."

तर आता या जागी मी शूर होतो असं लिहायला मला आवडलं असतं. मी पेन काढलं. टोपण उघडलं. मनातल्या मनात मी सही केलेलीही होती. फक्त पत्रक नीट लावून घेताना माझ्या बोटांनी, जुन्या सवयीनं, टेबलावर दोनदा टकटक केलं.

सहा पोरं म्हणाली, "या."

आणि काकाजींनी विचारलं, "काय दिसन?"

एवढंच. दुसरं काहीही विचारलं असतं तर मी सही करून मोकळा झालो असतो. पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायची इतकी सवय लागलेली होती, की तोंड आपोआप उघडलं. मी म्हणालो, "आंजीची बाई चारदा आपलं नाव लिहीन, आन् फोन ठेवून देईन."

म्हणून झाल्यावर ते मलाही ऐकू आलं. मग मी पेनचं टोपण लावलं. साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, नक्की.

पुढचं थोडक्यात. सोमवारी अध्यक्षांनी फीत कापली, पण कापली ती फक्त फीतच. नोंदणी आठ दिवसांनी सुरू झाली, त्या दोन ओळी काढून. त्या कोणी टाकल्या होत्या आणि कोणामुळं निघाल्या याची कुठं नोंद नाही. काकाजींना महिनाअखेरीपासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. ते महिनाअखेरीपर्यंत थांबलेच नाहीत. त्याच दिवशी लाल दिव्याचे स्क्रू काढले, निरगुडीची वाळलेली जुडी उतरवली, दोन्ही सायकलला अडकवून सेवाग्रामच्या रस्त्यानं घरी गेले. दारातून बाहेर पडताना त्यांनी आतल्या बाजूनं दोनदा ठोकलं. बाहेर कुणी उभं असेल तर, म्हणून. माझं प्रमुखपण गेलं. केबिनमध्ये आता दुसरा एक जण घामाघूम होतो, आणि मी काकाजींच्या टेबलाशी बसतो. तिथं पंखा आहे.

मंगळवारी सुट्टी असली तर मी कधी आंजीच्या रस्त्याला चक्कर मारतो. काकाजी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेले असतात, बायाबापड्यांच्या मधोमध. कुणालाही मदत करत नाहीत. नुसते पाहतात. मी शेजारी बसलो की हळूच म्हणतात, "भरून राह्यल्या. पाह्य. एका बोटानं." आणि पुढच्याच क्षणी एखाद्या म्हाताऱ्याला विचारतात, "काय, बरगडी कशी हाय?"

पण त्या शनिवारी संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा यातलं पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. दार उघडंच होतं. तरी मी चौकटीवर दोनदा ठोकलं.

बायको तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वर न पाहता म्हणाली, "इतक्या वर्षांत कधी ठोकून आले नाई. काय करून आले?"

मी सांगितलं. साहेब, सुतळी, तीन ग्लास, पेनचं टोपण, आणि केबिन बहुतेक गेली, हेही. ती ऐकत होती आणि शेंगा सोलत होती. मी गप्प झालो तरी सोलत राहिली.

"म्हंजे या मंगळवारी चंद्रकलाबाईचा नंबर लागत नाई," ती म्हणाली.

"नाई लागत. अजून थांबा लागन."

"थांबन थे," बायको म्हणाली. "दुखनं तिचं हाय. घाई तं साहेबाले होती."